गुलगुलेवालीचा मुलगा

गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतील. पहिल्या वर्गांतील कलावंताच्या दाराशीं श्रोते आपण होऊन येतात आणि तो गाऊं लागेपर्यंत अदबीनें वाट पाहतात. दुसऱ्या वर्गांतील कलावंतास श्रोते जेथें असतील तेथें जावें लागतें, आणि आपापल्या कामास निघालेल्या माणसाचें पाऊल अडेल असें कांहीं तरी वाजवावें लागतें. पहिल्यांचीं चरित्रें पुष्कळ आहेत. त्यांचीं घराणीं, त्यांचे गुरु, त्यांच्या चिजा, इतकेंच काय पण त्यांचे रुसवेफुगवेहि रसिकांस पाठ असतात. दुसऱ्यांकडे विद्वानांचें लक्ष उशिरां जातें, आणि तें जातें तेव्हां त्या बिचाऱ्याचें वाद्य बहुधा खुंटीला लागलेलें असतें. वस्तुतः चालत्या माणसास थांबविणें ही विद्या बसलेल्या माणसास डोलविण्यापेक्षां सोपी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ती अवघड तर आहेच, पण धोक्याचीहि आहे. ती एखाद्याच्या अंगीं पूर्णपणें आली म्हणजे कोण कोण तिची मागणी करूं लागतात, आणि ती बाळगणाराला तिची किंमत कशी द्यावी लागते, हें ज्याच्या आयुष्यांत स्वच्छ दिसतें अशा एका आफ्रिकन गिटारवादकाची हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्याचें नांव फ्रांको.

हें त्याचें जन्मनांव नव्हे. फ्रांस्वा लुआंबो माकियादी हा ६ जुलै १९३८ रोजीं त्या वेळच्या बेल्जियन कांगोंतील सोना-बाता या गांवीं जन्मला. कांगो नदी समुद्रास मिळण्यापूर्वी धबधब्यांवरून उड्या घेत खालीं येते, त्यामुळें समुद्रांतलीं गलबतें तिच्यांतून वर जाऊं शकत नाहींत. यावर तोड म्हणून माताडी बंदरापासून लिओपोल्डव्हिलपर्यंत, म्हणजे आजच्या किन्शासापर्यंत, १८९८ सालीं आगगाडी नेण्यांत आली. आणि ती नेतांना मजुरांचे जे हाल झाले त्यांची आठवण त्या मुलखांत दीर्घकाळ राहिली. सोना-बाता हें त्याच लोहमार्गावरचें गांव, आणि फ्रांकोचा बाप त्याच रेल्वेवर कामास होता. पुढें तें कुटुंब लिओपोल्डव्हिल शहरांत राहावयास आलें. १९४९ सालीं बाप वारला. मुलगा त्या वेळीं दहा-अकरा वर्षांचा. शाळा सुटली. आई न्गिरी-न्गिरी वस्तीच्या बाजारांत तळलेल्या पिठाचे गोळे विकीत असे. फ्रेंच भाषेंत त्यांस बेन्ये म्हणतात, आमच्या वाचकांनीं गुलगुले समजावें. बापाच्या पश्चात् सारें घर या गुलगुल्यांवर आलें.

मुलाला वाद्याचा नाद होता, परंतु वाद्य विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हां त्यानें डब्याची गिटार केली आणि विजेच्या तारेंतले बारीक तंतू सोडवून ते तिच्यावर ताणले. असलें वाद्य घेऊन तो आईच्या पाटीशेजारीं बसे आणि वाजवी. हेतु एवढाच, कीं येणाऱ्याजाणाऱ्यानें दुसऱ्या पाटीकडे न वळतां इकडे वळावें.

थोरांच्या बाळपणाच्या गोष्टींत पदरच्या पुष्कळ असतात, आणि त्या वाचतांना आम्ही थोडे सावध असतों. परंतु ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. कारण फ्रांकोच्या पुढच्या चाळीस वर्षांची किल्ली तिच्यांत आहे. त्याचे पहिले श्रोते गाणें ऐकावयास आलेलेच नव्हते. ते भुकेले होते, घाईंत होते, आणि त्यांस दुसऱ्या दहा पाट्या दिसत होत्या. अशा माणसापुढें मोठें आलापप्रकरण मांडून भागत नाहीं. चार स्वरांचा एक तुकडा असा बांधावा लागतो कीं तो कानीं पडतांच माणूस अर्धवट वळतो. तोच तुकडा पुन्हां आला म्हणजे तो थांबतो. आणि तिसऱ्या वेळीं त्यांत कोठें तरी एक केसभर फरक झाला म्हणजे तो जवळ येतो. ही शाळा कठोर खरी, पण हिच्यांत नापास झालेला मुलगा त्याच संध्याकाळीं उपाशी निजतो. यामुळें येथें शिकलेलें सहसा विसरलें जात नाहीं. आणखी एक गोष्ट या शाळेंत शिकावयास मिळते, पण ती विद्यार्थ्याच्या ध्यानांत लौकर येत नाहीं. पाटीवरचे गुलगुले ताजे आहेत कीं शिळे, हें वाद्य सांगत नाहीं. तें फक्त माणसें जमविते. मालाची जबाबदारी वाद्यावर नसते.

शेजारीं पॉल एबेंगो नांवाचा एक तरुण राहत असे. देवायोन या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. त्याच्याजवळ खरी गिटार होती. तिच्यावर फ्रांकोचा हात बसला आणि तो देवायोनच्या वाताम नांवाच्या जथ्यांत वाजवूं लागला. त्या काळीं लिओपोल्डव्हिलमध्यें कापडचोपड विकणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्यांनीं एक नवा धंदा काढला होता. तेथील लिंगाला भाषेंतलीं गाणीं ध्वनिमुद्रित करावयाचीं, त्यांच्या तबकड्या करवून आणावयाच्या आणि कापडाबरोबरच त्या विकावयाच्या. यांपैकीं पापादिमित्रिऊ याच्या लोनिंगिसा नांवाच्या ध्वनिमुद्रणगृहांत १९५३ सालीं फ्रांकोची परीक्षा झाली. तेथला प्रमुख कलावंत हांरी बोवाने यानें त्याचा हात पाहिला, त्यास आपल्या पंखाखालीं घेतलें, आणि फ्रांस्वाचें फ्रांको हें नांवहि त्यानेंच रूढ केलें. पंधरा वर्षांच्या पोराशीं दहा वर्षांचा करार झाला. आईसाठीं गिऱ्हाइकें जमविणारें बोट आतां ग्रीक सावकारासाठीं गिऱ्हाइकें जमवूं लागलें.

हें संगीत होतें तरी कोणतें? १९३० नंतरच्या काळांत क्यूबा बेटांतल्या तबकड्या आफ्रिकेंत येऊं लागल्या होत्या. कांगोंतल्या लोकांनीं त्या ऐकल्या आणि त्यांस त्या परक्या वाटल्या नाहींत; त्यांत आश्चर्यहि नाहीं. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या गुलाम म्हणून अटलांटिकपार नेले गेले त्यांत कांगोच्या परिसरांतले लोक पुष्कळ होते. त्यांच्याबरोबर वस्त्रपात्र कांहीं गेलें नाहीं, पण ताल गेला. कारण तो काढून घेतां येत नाहीं. तोच ताल स्पॅनिश गिटारीचा पोशाख घालून जहाजानें परत आला, आणि माहेरच्या माणसांनीं त्यास आवाजावरून ओळखलें. कांगोचा 'रुंबा' म्हणून जें संगीत सर्व आफ्रिकेंत गेलें तें या पुनर्भेटींतून जन्मलें. युनेस्कोनें २०२१ च्या डिसेंबरांत मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत त्याची नोंद केली, ती कांगो नदीच्या दोन्ही तीरांवरच्या दोन्ही देशांच्या नांवें.

१९५६ च्या जूनमध्यें, वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतांना, फ्रांको आणि त्याचे सोबती यांनीं आपला स्वतंत्र वाद्यवृंद काढला. ऑस्कर काशामा याच्या ओ. के. बारमध्यें ते वाजवीत, म्हणून वृंदाचें नांव पडलें 'ओ. के. जॅझ'. सोबत्यांपैकीं कित्येक गेले, कित्येक आले, कांहीं रुसून गेलेले परत आले; परंतु तेहतीस वर्षें, फ्रांकोच्या मरणापर्यंत, हा वृंद चालू राहिला, आणि शेवटीं शेवटीं त्यांत तीसाहून अधिक माणसें वाजवीत-गात असत. त्याचा तोलाचा प्रतिस्पर्धी म्हणजे ग्रां काले याचा 'आफ्रिकन जॅझ', आणि त्यांतला अप्रतिम गिटारवादक निको कासांदा, ज्यास लोक डॉक्टर निको म्हणत. निकोचें वादन पाण्यासारखें. एक स्वर दुसऱ्यांत केव्हां मिसळला हें कळत नाहीं. फ्रांकोचें वादन याच्या उलट. तो मुख्यतः अंगठा आणि तर्जनी या दोन बोटांनीं वाजवी, दोन तारा एकदम छेडी, आणि स्वर नुसता लावीत नसे, ठोकीत असे. सुशिक्षित नागरिक निकोकडे झुकत, आणि बाजार फ्रांकोकडे. असें म्हटलें तर थोडी अतिशयोक्ति होईल, पण ती थोडीच.

आमचे एक स्नेही शास्त्रोक्त गायनाचे दर्दी आहेत. हल्लीं पृथ्वीच्या पाठीवरचें कोणतेंहि गाणें घरबसल्या ऐकावयास मिळतें, त्या सोयीचा फायदा घेऊन आम्हीं त्यांस एकदां फ्रांकोचें एक लांबलचक गाणें ऐकविलें. या गाण्यांची ठेवण अशी कीं, आरंभीं गायक संथपणें कथानक सांगतात. मग एका ठराविक जागीं शब्द मागें पडतात, ताल चढतो, आणि तीन-चार गिटारी परस्परांत गुंतून एकच तुकडा घोळवूं लागतात. या भागास सेबेन म्हणतात. पूर्वी लहान तबकडीच्या एका बाजूस कथा असे आणि दुसऱ्या बाजूस हा सेबेन. आमच्या स्नेह्यांनीं कथा शांतपणें ऐकली. सेबेन लागल्यावर मात्र त्यांनीं आमच्याकडे पाहिलें. "अहो, भाषेचा एक शब्द तुम्हांस कळत नाहीं, आणि तुकडा तर तोच चाळीस वेळां येतो आहे. मग तुम्ही ऐकतां तरी काय?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं उत्तर दिलें तें असें: जात्यावर बसलेल्या बाईला फेऱ्यांचा कंटाळा येत नाहीं, कारण फेरी तीच असली तरी दळण पुढें सरकत असतें. फ्रांकोचा तुकडा तोच असतो, पण त्याच्या आंत कांहीं तरी सारखें दळलें जात असतें. दुसरी गिटार अर्धी मात्रा मागें राहते. खालची जाड तार मध्येंच एक हुंकार देते. ढोलकरी एक ठोका गिळून टाकतो. ऐकणारा जर थांबला तर हे फरक त्यास दिसूं लागतात, आणि एकदां दिसूं लागले कीं निघवत नाहीं. आमचे स्नेही हंसले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हीहि गुलगुले घेतलेत म्हणायचे." आम्हीं तें नाकारलें नाहीं.

भाषा कळत नसली तरी गाण्यांचे विषय अभ्यासकांनीं नोंदून ठेवले आहेत, आणि ते पाहिले म्हणजे या माणसाची दुसरी शक्ति ध्यानांत येते. हजाराच्या आसपास गाणीं त्याच्या नांवावर मोडतात. त्यांत चंद्र, फुलें आणि विरह यांचा वाटा आहेच, पण सवतीमत्सर, उसने पैसे, दारुडा नवरा, मत्सरी शेजारीण, नवश्रीमंताचा डौल, हे विषय वारंवार आहेत. पुष्कळ गाणीं स्त्रीच्या तोंडीं घातलेलीं असून पुरुषांनीं गाइलेलीं आहेत. लिंगाला भाषेंत म्बवाकेला नांवाची एक बोलण्याची रीत आहे. ज्यास बोलावयाचें त्याचें नांव न घेतां, भलत्याच कोणाला उद्देशून असें कांहीं म्हणावयाचें कीं ज्याचें त्यास बरोबर झोंबावें. आमच्याकडे यास लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यामुळें मराठी वाचकांस ही रीत समजावून सांगण्याची गरज नाहीं. फ्रांको हा म्बवाकेलाचा आचार्य. शहरांतले लोक त्याची नवी तबकडी येतांच ही कोणावर आहे याचा तर्क करीत बसत. बाजारांत वाढलेल्या मुलास माणसें कशावर बोलतात हें ठाऊक असावयाचेंच.

३० जून १९६० रोजीं कांगो स्वतंत्र झाला. त्यानंतर पांच वर्षें यादवींत गेलीं, आणि २४ नोव्हेंबर १९६५ रोजीं मोबुटु या सेनापतीनें राज्य बळकावलें. पुढच्या वर्षीं कटाच्या आरोपावरून चार माजी मंत्र्यांस पकडण्यांत आलें, आणि २ जून १९६६ रोजीं राजधानींत भर मैदानांत त्यांस फांसावर चढविण्यांत आलें. पाहावयास हजारों लोक जमले होते. गर्दी जमविण्याची विद्या नव्या सत्ताधीशासहि येत होती. तिचें साधन तेवढें निराळें होतें. या सुमारास फ्रांकोची एक तबकडी निघाली: 'लुवुंबु न्दोकी', म्हणजे लुवुंबु चेटक्या. गाणें एका जुन्या दुष्ट चेटक्याबद्दल, आपल्याच माणसांचा घास घेणाऱ्या. मोबुटुचें नांव त्यांत कोठेंच नव्हतें. परंतु लेकीस बोललेलें सुनेस लागलें. तबकड्या बाजारांतून काढून घेण्यांत आल्या, आणि फ्रांकोस कांहीं काळ नदीपलीकडे ब्राझाव्हिलला जाऊन राहावें लागलें.

तो परत आला. कोणत्या अटींवर आला हें कागदोपत्रीं पाहण्याचें कारण नाहीं. पुढचीं वीस वर्षें तें सांगतात. १९७१ सालीं देशाचें नांव झाईर झालें, आणि पुढच्या वर्षीं ख्रिस्ती नांवें टाकून पूर्वजांचीं नांवें घेण्याची राजाज्ञा निघाली. अस्सलपणाची ही मोहीम गांवोगांव पोंचविण्यास सरकारास वाद्यवृंद हवा होता, ओ. के. जॅझ दौऱ्यावर निघाला. १९७३ सालीं परदेशी लोकांचे धंदे देशी लोकांच्या हवालीं करण्याचें धोरण आलें, आणि माझादिस हा तबकड्या करण्याचा कारखाना फ्रांकोच्या हातीं आला. ज्याला ग्रीक सावकारानें करारांत बांधलें होतें तो आतां स्वतःच सावकार झाला. त्याच्या मालकीचें नृत्यगृह झालें, वादकांच्या संघाचें अध्यक्षपद त्याच्याकडे आलें. १९७४ च्या सप्टेंबरांत किन्शासांत मोठा संगीतोत्सव झाला, त्यांत अमेरिकेहून आलेल्या जेम्स ब्राउन, बी. बी. किंग यांच्या मांडीला मांडी लावून फ्रांको बसला. आणि १९८४ सालीं राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली, जिच्यांत उमेदवार एकटा मोबुटु होता, तेव्हां फ्रांकोनें एक दीर्घ गाणें रचून लोकांस त्याच उमेदवारास मत देण्याचा उपदेश केला.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं हें सांगितलें तेव्हां ते एकच शब्द बोलले: "भाट." हा शब्द सहजासहजी खोडून काढतां येत नाहीं. कोणी म्हणतात, त्या राज्यांत जगावयाचें तर दुसरा मार्ग काय होता? ज्यानें मैदानांत चार माणसें फांसावर चढविलीं त्यास नाहीं म्हणणें घरबसल्या आपणांस सोपें वाटतें, हें खरें. पण दुसरेहि कलावंत त्या राज्यांत होते. सर्वांच्या हातीं कारखाने आले नाहींत. कोणी म्हणतात, गुणगानाच्या गाण्यांतहि त्यानें आडून टोमणे मारले असतील. असतील, परंतु आपल्या आवडत्या माणसाच्या प्रत्येक मुजऱ्यांत गुप्त बंड शोधीत बसणें हें रसिकाचें लक्षण असलें तरी विचारी माणसाचें नव्हे. १९८४ चें तें गाणें आम्हीं अथपासून इतिपर्यंत ऐकलें आहे. त्यांत खटकणारी गोष्ट ही, कीं वाद्य तेथेंहि तितकेंच गोड वाजतें. बोट अडखळत नाहीं, ताल लंगडत नाहीं. गिटारीनें नाराजी दाखविली असती तर आम्हांस केवढें समाधान झालें असतें! पण पाटीवर काय आहे हें वाद्य सांगत नाहीं. तें बाजारांतल्या त्या मुलाच्या वेळीं जसें सांगत नव्हतें तसेंच हुकूमशहाच्या वेळींहि सांगत नाहीं.

तथापि सत्तेनें त्यास विकत घेतलें होतें असें म्हणावें तर त्याच सत्तेनें त्यास तुरुंगांतहि टाकलें. १९७८ सालीं त्याचीं 'हेलेन' आणि 'जॅकी' हीं दोन गाणीं गुपचूप फिरूं लागलीं. तीं इतकीं अश्लील होतीं कीं त्यांचा सारांशहि या पानांत देतां येणार नाहीं. फ्रांको आणि त्याचे सोबती यांस पकडण्यांत आलें. या वेळची एक आख्यायिका आहे. सरकारी वकिलानें फ्रांकोच्या आईस बोलावून आणलें आणि मुलाचीं तीं गाणीं तिच्यासमोर वाजवून दाखविलीं. तेवढ्यानें त्याची मान खालीं गेली म्हणतात. गोष्ट सोळा आणे खरी असो वा नसो, ती ज्या लोकांनीं रचली वा जतन केली त्यांस या माणसाचें मर्म पक्कें ठाऊक होतें. सैन्य, तुरुंग आणि देशत्याग यांनीं जें झालें नाहीं तें एका गुलगुलेवालीच्या नजरेनें व्हावें, अशी त्यांची अपेक्षा होती.

या गोंगाटांत एक गाणें असें आहे कीं तें कोणासहि जमविण्यासाठीं रचलेलें नाहीं. फ्रांकोचा धाकटा भाऊ बावों मारी-मारी हाहि उत्तम गिटारवादक होता. 'नेग्रो सक्सेस' या वृंदांत तो वाजवी. १९७० च्या ऑगस्टांत मोटारीच्या अपघातांत तो गेला. गांवांत नाहीं नाहीं त्या कंड्या पिकल्या. ज्याला लोक कौतुकानें गिटारीचा चेटक्या म्हणत, त्यानेंच चेटकांत भावाचा बळी दिला असेंहि बोललें गेलें. फ्रांकोनें कांहीं काळ वाद्य खालीं ठेवलें. मग त्यानें 'किन्सिओना' हें गाणें केलें. किकोंगो, म्हणजे त्याच्या मायबोलींत, या शब्दाचा अर्थ शोक. तें ऐकतांना आम्हांस प्रथमच असें वाटतें कीं, हा माणूस श्रोत्याकडे पाहत नाहीं. तुम्ही थांबलांत काय आणि गेलांत काय, त्यास त्याचें सोयरसुतक नाहीं. नेहमीं हांका मारणारें वाद्य येथें आपल्याशींच बोलत बसलें आहे.

१९८५ सालीं 'मारियो' हें त्याचें सर्वांत गाजलेलें गाणें निघालें. वयानें मोठ्या, पैसेवाल्या बाईच्या जिवावर ऐतखाऊपणा करणाऱ्या एका शिकल्या-सवरल्या तरुणाची ती कथा. मादिलु या गायकाचा आवाज आणि मधून मधून फ्रांकोचें स्वतःचें खडसावणें, यांनीं तें गाणें आफ्रिकाभर घरोघर गेलें. बाजारचा मुलगा पुन्हां आपल्या बाजारांत आला होता. आणि दोनच वर्षांनीं, १९८७ सालीं, त्यानें शेवटचें मोठें काम केलें.

एड्स हा रोग तेव्हां मध्य आफ्रिकेंत पसरत होता, आणि त्याचें नांव उघड घेण्यास सरकारें व प्रतिष्ठित लोक कचरत होते. फ्रांकोनें त्याच रोगाच्या फ्रेंच नांवावर एक गाणें रचलें: 'आतांस्यों ना सिदा', सिदापासून सावध. पाव तासाच्या या गाण्यांत तो गात थोडें आणि बोलत फार आहे. बहुतेक बोलणें फ्रेंचमध्यें, म्हणजे शेजारच्या देशांतल्या लोकांसहि कळेल अशा भाषेंत. तो एकेकास हांक मारतो. तरुणांस, विद्यार्थ्यांस, आईबापांस, शिक्षकांस, डॉक्टरांस, सरकारांस. रोग्यास टाकूं नका, लपवूं नका, जपून राहा, हा त्याचा मथितार्थ. येथें म्बवाकेला नाहीं. जन्मभर आडून बोलण्यांत ज्यानें नांव मिळविलें, त्यानें या वेळीं लेकीस लेक आणि सुनेस सून म्हटलें.

तो स्वतः तेव्हां आजारी पडत चालला होता. एके काळचा तो अगडबंब देह पाहतां पाहतां वाळला. आपल्यास तोच रोग झाला आहे असें त्यानें कधीं मान्य केलें नाहीं. लोकांनीं मात्र तसा तर्क केला आणि अजूनहि करतात. या तर्कावरून कोणी त्यास ढोंगी म्हणतील. आम्हांस तसें म्हणवत नाहीं. मनुष्यास स्वतःच्या आजाराचें नांव उच्चारण्याचें धैर्य नसतें, पण दुसऱ्यास त्यापासून वांचविण्याचें असतें, हें आपण आपापल्या घरांतहि पाहिलेलें असतें. १९८९ च्या सप्टेंबरांत ॲम्स्टरडॅम येथें तो अखेरचा रंगमंचावर आला, आणि १२ ऑक्टोबर १९८९ रोजीं बेल्जियममधील नामुर शहरीं वारला. वय एक्कावन. देह किन्शासाला आणण्यांत आला. झाईर सरकारनें चार दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, आणि त्या दिवसांत रेडिओवरून त्याचींच गाणीं वाजत राहिलीं. ज्या मोबुटुनें त्यास हद्दपारींत धाडलें, दौऱ्यांवर पाठविलें, तुरुंगांत टाकलें आणि पदव्या दिल्या, तोहि १९९७ सालीं राज्यावरून गेला आणि त्याच वर्षीं मोरोक्कोंत परमुलुखीं मेला. झाईर हें नांवहि त्याच वर्षीं गेलें.

आतां निवाडा काय करावा? आमच्या स्नेह्यांचा शब्द आम्ही पुसून टाकीत नाहीं. १९८४ चें गाणें फ्रांकोच्या नांवावर आहे आणि तें राहिलेंच पाहिजे; चांगल्या गिटारीच्या मोबदल्यांत तें माफ करण्याचा अधिकार मैलोगणती दूर बसून ऐकणारांस नाहीं. तो असेल तर ज्यांस त्या राजवटींत भोगावें लागलें त्यांस. परंतु भाट हा एकच शब्दहि आम्हांस पुरेसा वाटत नाहीं, कारण भाटाची विद्या एका धन्यासाठीं असते आणि याची कोणा एकाची नव्हती. आईनें ती वापरली, ग्रीक सावकारानें वापरली, मद्यगृहाच्या मालकानें वापरली, सेनापतीनें वापरली. पुढें त्यानें स्वतःहि ती आपल्या कारखान्याच्या गल्ल्यासाठीं वापरली. माल प्रत्येक वेळीं निराळा होता, आणि त्यांतला बराच शिळा होता. गर्दी जमविण्याची शक्ति ज्यांस लाभते, त्या सर्वांपुढें, मग ते गवई असोत, वक्ते असोत कीं लेखक असोत, हाच प्रश्न उभा असतो: आपण हांक मारून बोलावलें, लोक आले, आतां त्यांच्या हातांत काय पडणार? पुष्कळांस हा प्रश्न आयुष्यभर सुचत नाहीं. फ्रांकोस तो उशिरां सुचला असें आम्हांस १९८७ चें तें गाणें ऐकतांना वाटतें. तें गाणें त्याच्या उत्तम गाण्यांपैकीं नव्हे. पण त्यांत पन्नाशीच्या घरांत आलेला, खंगूं लागलेला एक माणूस पूर्वीच्याच हुकमतीनें सर्वांस थांबवतो आहे, सर्व आफ्रिका वळून पाहते आहे, आणि या खेपेस पाटीवर विकावयास कांहींच ठेवलेलें नाहीं.